न उघडता ऐकणे : मोटारीच्या वातानुकूलनातील आवाजांचा एक इतिहास

१ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गांतील मालवाहू वाहनांच्या, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकच्या, चालक-कक्षात वातानुकूलन यंत्रणा असणे बंधनकारक झाले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची अधिसूचना डिसेंबर २०२३ मधील. बातम्यांत चर्चा झाली ती चालकांच्या थकव्याची, उन्हाळ्याची आणि वाढणाऱ्या किमतीची. ती योग्यच होती. परंतु या निर्णयाचा एक परिणाम काही वर्षांनी दिसू लागेल आणि त्याकडे अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. आजवर मुख्यतः मोटारींत असणारे हे यंत्र आता खडबडीत रस्त्यांवर, धुळीत आणि दिवसाचे दहा-बारा तास चालणार आहे. ते कधीतरी कुरकुरू लागेल. त्या वेळी महामार्गालगतच्या एखाद्या गॅरेजात कोणीतरी बॉनेट किंवा कॅब उघडून कान देईल आणि ठरवेल : पट्टा बदलायचा, बेअरिंग बदलायचे, की कॉम्प्रेसरच काढायचा?

हा निर्णय केवळ खर्चाचा नाही. मोटारीतील वातानुकूलन हे बंद परिपथाचे यंत्र आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, प्रसरण-झडप आणि इव्हॅपोरेटर या चार अवयवांतून एकच शीतक सतत फिरत असते. गॅरेजच्या भाषेत त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. सध्या बहुतेक मोटारींत आर-१३४ए हे शीतक असते. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याच्या एका किलोचा तापमानवाढीवरील प्रभाव १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. लहान मोटारीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो पुनर्प्राप्तीच्या यंत्राशिवाय हवेत सोडला, तर सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे लक्षात घेतले तर हा हिशेब तीनशे लिटर पेट्रोलच्या वर जातो. आवाज बाहेरच्या बेअरिंगचा असताना कॉम्प्रेसर काढला, की हे सारे विनाकारण घडते. म्हणून आवाजाचे निदान करताना पहिला प्रश्न ‘कोणता भाग बिघडला?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो : ‘आवाज गॅसच्या परिपथाच्या आतून येतो आहे, की बाहेरून?’

बंद वस्तू न उघडता तिच्या आत काय चालले आहे ते आवाजावरून ओळखणे ही कल्पना मोटारीपेक्षा फार जुनी आहे.

बंद पेटीला कान

रॉबर्ट हूक हे सतराव्या शतकातील इंग्लंडचे अष्टपैलू प्रयोगकर्ते. त्यांच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात एक विलक्षण विचार आढळतो. घड्याळ न उघडताही त्यातील चाकांची हालचाल ऐकू येते. मग कान पुरेसा तीक्ष्ण झाला, तर शरीराच्या आतील अवयवांचे आणि यंत्रांच्या आतील भागांचे कामही ध्वनीवरून का ओळखता येऊ नये, असे हूक विचारतात. शतकाहून अधिक काळाने, १८१६ मध्ये, पॅरिसच्या नेकर रुग्णालयातील वैद्य रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून ती रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेनेक यांनी साधन तर दिलेच, परंतु त्याहून मोठे काम त्यांनी केले ते आवाजांना नावे देण्याचे आणि प्रत्येक आवाजाची शवविच्छेदनात दिसलेल्या विकाराशी सांगड घालण्याचे. कोणता आवाज म्हणजे कोणता बिघाड, याची पडताळणी होऊ शकेल अशी यादी त्यातून उभी राहिली.

गॅरेजातील स्टेथोस्कोप म्हणजे लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचे टोक कॉम्प्रेसरच्या आवरणाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. ही युक्ती काम करते यामागे भौतिकशास्त्र आहे. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना किती परावर्तित होतो, हे दोन्ही माध्यमांच्या ध्वनिक प्रतिबाधेवर अवलंबून असते. प्रतिबाधा म्हणजे घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार. पोलादाची प्रतिबाधा हवेच्या सुमारे एक लाख पट आहे. सरळ पृष्ठभागावर लंबरूप येणाऱ्या तरंगाचे गणित केले, तर पोलादातील ध्वनिऊर्जेचा जेमतेम अठ्ठावीस हजारावा भाग हवेत उतरतो. उरलेला आतल्या आत परततो. स्क्रू-ड्रायव्हर ही हवेची सीमाच टाळतो : पोलादातून पोलादात, तेथून मुठीत आणि मुठीतून हाडात. शिवाय टोक दोन-तीन ठिकाणी टेकवून आवाज कोठे सर्वांत मोठा आहे ते पाहता येते. आजूबाजूला इंजिनाचा गोंगाट असतानाही स्रोत सापडतो तो यामुळे.

क्लच नावाचा प्रयोग

मोटारीत कारखान्यातूनच बसवलेले वातानुकूलन प्रथम विकले ते अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने, १९४० सालच्या प्रतिमानांसाठी. शीतकरणाचा संच मागील सामानकक्षाचा मोठा भाग व्यापत असे. त्या यंत्राची मोठी अडचण अशी होती की कॉम्प्रेसर इंजिनाशी पट्ट्याने कायमचा जोडलेला असे. थंडी नको असेल, तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे. साहजिकच इंजिन चालू आहे तोवर कॉम्प्रेसरचा आवाजही चालूच. हा आवाज कॉम्प्रेसरचा की इंजिनाचा, हे वेगळे करायचे तर तोच खटाटोप करणे भाग होते.

१९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा मोटारीच्या पुढील भागात एकत्र आणली आणि कॉम्प्रेसरला विद्युतचुंबकीय क्लच जोडला. पट्टा कप्पी फिरवत राहतो. चालकाने बटण दाबले की चुंबक क्लचची चकती ओढून कप्पीला चिकटवतो आणि मगच कॉम्प्रेसरचा दंड फिरू लागतो. त्या क्षणी ‘टक्’ असा एक आवाज होतो. अनेक मोटारींत दर काही मिनिटांनी ऐकू येणारा हा आवाज निरोगी यंत्राचा असतो. तो एकदाच, स्पष्ट आणि कोरडा असावा. चकती आणि कप्पी यांच्यातील फट झिजेने वाढली किंवा विद्युतदाब कमी पडला, तर क्लच पकड घेताना घसरतो. तेव्हा ‘टक्’च्या जागी क्षणभर घासल्याचा आवाज येतो.

क्लच बसवण्यामागे हेतू सोयीचा होता. पण त्याने नकळत निदानाला एक उत्तम साधन दिले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपण सांगतो की इतर सर्व घटक स्थिर ठेवून एकच बदला. क्लच नेमके तेच करतो. कप्पीचे बेअरिंग कॉम्प्रेसरच्या नाकावर बसवलेले असते आणि इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतच असते, क्लच लागलेला असो वा नसो. कॉम्प्रेसरच्या आतील दंड, दट्ट्या आणि झडपा मात्र क्लच लागल्यावरच हलतात. म्हणून वातानुकूलन बंद असतानाही घरघर ऐकू येत असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर ती चढत-उतरत असेल, तर संशय कप्पीच्या बेअरिंगवर किंवा पट्ट्याला ताण देणाऱ्या चाकावर जातो. ही दोन्ही गॅसच्या परिपथाबाहेर आहेत. बटण दाबताच खडखड सुरू होत असेल आणि बंद करताच थांबत असेल, तर संशय कॉम्प्रेसरच्या आत जातो. एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण क्लच लागला की पट्ट्यावरचा भारही वाढतो आणि बाहेरचे सैल भागही तेव्हाच बोलू लागतात. कॉम्प्रेसर धरून ठेवणारे बोल्ट ढिले असले तरी आवाज हुबेहूब आतून आल्यासारखा वाटतो. ते आवळून पाहायला दहा मिनिटे लागतात आणि गॅसला हात लावावा लागत नाही.

तिसरी कसोटी याहून सोपी आहे. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून फक्त पंखा चालू करायचा. आवाज तेव्हाही येत असेल, तर तो डॅशबोर्डमागच्या ब्लोअरचा. त्यात अडकलेले वाळके पान पंख्याच्या प्रत्येक फेरीबरोबर टिकटिक करते आणि पंख्याचा वेग वाढवला की ती टिकटिक तेवढ्याच प्रमाणात जलद होते.

गॅस बदलला, आवाज बदलले

आर-१२ हे शीतक १९३० मध्ये जगापुढे आले. टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले तेव्हा ते विषारी नाही आणि पेटत नाही, हे मोठे यश मानले गेले. त्याचा एक गुण मात्र पुढे ते गेल्यावरच नीट उमगला. आर-१२ मध्ये क्लोरीन असल्याने कॉम्प्रेसरच्या आत घासणाऱ्या पृष्ठभागांवर धातूच्या क्लोराइडचा अतिशय पातळ थर तयार होत असे आणि तो वंगणाला साथ देई. खनिज तेलही त्यात सहज मिसळत असे. म्हणजे हा गॅस थंडावा देता देता यंत्राला जपतही होता.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवले की हाच क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरात ओझोनचा नाश करू शकतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात जगभरच्या मोटारनिर्मात्यांनी आर-१३४ए कडे वळण घेतले. त्यात क्लोरीन नाही. त्यामुळे ओझोन वाचला, पण पृष्ठभागावरील तो आपोआप मिळणारा थरही गेला. खनिज तेल या नव्या शीतकात मिसळत नाही. ते कॉम्प्रेसरपर्यंत परत न येता परिपथात कोठेतरी साचून राहते. म्हणून पॉलिअल्किलीन ग्लायकॉल वर्गातील नवी तेले आणावी लागली. जुन्या यंत्रणेत तेल न बदलता नुसता नवा गॅस भरला, की कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि आधी बारीक किरकिर, मग खडखड सुरू होते. पृथ्वीच्या वातावरणासाठी झालेल्या कराराचा पडसाद असा थेट कॉम्प्रेसरच्या आवाजात उमटला.

गॅसचे स्वतःचेही आवाज असतात. मोटार बंद केल्यावर काही सेकंद डॅशबोर्डमागून ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि विरतो. तो उच्च दाबाकडील गॅस प्रसरण-झडपेतून कमी दाबाकडे जाऊन दाब समान होत असल्याचा असतो. त्याला रोग समजून गॅस काढण्याचे कारण नाही. यंत्रणा चालू असताना मात्र फुसफुस किंवा बुडबुड सतत येऊ लागली आणि थंडावाही कमी झाला, तर अर्थ वेगळा होतो. गॅस कमी पडला की झडपेपर्यंत शुद्ध द्रव पोहोचत नाही. द्रव आणि बाष्प यांचे मिश्रण झडपेच्या अरुंद छिद्रातून जाते आणि प्रत्येक बुडबुडा दाबाचा एक बारीक धक्का देतो. येथे आवाज परिपथाच्या आतलाच आहे, पण तो कॉम्प्रेसरच्या बिघाडापेक्षा गळती सुचवतो. गळती न शोधता गॅस भरत राहणे म्हणजे तो हप्त्याहप्त्याने हवेत सोडणे.

याच्या उलट स्थिती सर्वांत धोकादायक. गॅस प्रमाणाबाहेर भरला किंवा झडप उघडी अडकली, तर द्रवच कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचू शकतो. बाष्प दाबले जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. दट्ट्याला तो हातोड्यासारखा लागतो. ठोक्यांचा असा जड आवाज आला, की यंत्रणा ताबडतोब बंद करणे हेच शहाणपण. येथे परिपथ उघडावा लागला, तरी तो योग्य कारणासाठी उघडला जातो.

बहुबाजार स्ट्रीटवरचे व्हायोलिन

या सर्व आवाजांत सर्वांना परिचित असलेला आवाज म्हणजे पट्ट्याचे किंचाळणे. पावसाळ्यातील सकाळी मोटार सुरू करून वातानुकूलनाचे बटण दाबले, की अनेकदा तो ऐकू येतो. त्याच्या मागचे भौतिकशास्त्र समजून घ्यायचे तर कोलकात्याला जावे लागते.

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये अर्थखात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यात आले. नोकरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात ते बहुबाजार स्ट्रीटवरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग करीत. प्रकाशाच्या विकिरणामुळे ते जगप्रसिद्ध झाले, परंतु त्याआधीची त्यांची अनेक वर्षे ध्वनी आणि कंपन यांच्या अभ्यासात गेली. गजाने वाजवलेल्या तारेच्या कंपनांवरील त्यांचा मोठा प्रबंध १९१८ मध्ये संस्थेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये त्यांनी यंत्राने वाजणाऱ्या व्हायोलिनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. वादकाच्या हाताऐवजी यंत्र असल्यामुळे गजाचा वेग, दाब आणि तारेवरील त्याची जागा यांपैकी एकच गोष्ट बदलून परिणाम मोजता येत होता.

गज तारेवर सरकतो तेव्हा तार अखंड घासली जात नाही. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले होते की तार आधी गजाला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते, मग अचानक सुटून मागे घसरते, पुन्हा चिकटते. स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा अधिक असल्याने हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि स्वर निर्माण होतो. रामन यांनी या गतीचे सविस्तर सिद्धांतन केले. स्वर टिकण्यासाठी गजाचा किमान किती दाब लागतो आणि तो कशानुसार बदलतो, हेही त्यांनी मोजले.

पट्टा आणि कप्पी यांच्यात घडते ते याच जातीचे. क्लच लागताच कॉम्प्रेसरचा भार एकाएकी येतो. पट्ट्यातील ताण त्याला पुरत नसेल, तर रबर कप्पीला चिकटते, ताणले जाते, सुटते, पुन्हा चिकटते. व्हायोलिनमध्ये स्वराची उंची तार ठरवते. येथे पट्ट्याचे आणि कप्पीचे स्वतःचे कंपन ती ठरवते. ओलाव्यामुळे घर्षण बदलते, म्हणून पावसाळ्यात आवाज वाढतो. जाणकार कारागीर एक कसोटी घेतात : चालत्या पट्ट्यावर दुरून पाण्याचे थोडे फवारे मारतात. बारीक चिवचिव पाण्याने क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तर कप्प्या एका रेषेत नसण्याची शक्यता अधिक. किंचाळणे उलट वाढले, तर ताण कमी पडतो आहे. दोन्ही दोष परिपथाबाहेरचे. (विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करू नये. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, बाही किंवा बोट जाणे जिवावर बेतू शकते.)

आकडे काय सांगतात आणि काय नाही

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनीचा वर्णपट काढणारे यंत्र आहे. फूरिए यांचे गणित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात पोकळ गोलकांच्या साहाय्याने मिश्र ध्वनीतील घटक स्वर वेगळे करून दाखवले. १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी वेगवान फूरिए रूपांतराची पद्धत मांडली आणि तासांचे गणन क्षणांवर आले. मोबाइलमधील विनामूल्य ॲपही हीच पद्धत वापरते.

एक उदाहरण घेऊ. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला १५ फेऱ्यांवर चालले आहे. कप्प्यांच्या व्यासांचे गुणोत्तर १.४ असेल, तर कॉम्प्रेसरची कप्पी सेकंदाला २१ फेऱ्या करते. कॉम्प्रेसरमध्ये तिरप्या चकतीने हलणारे सात दट्टे असतील, तर दाबाचे ठोके सेकंदाला १४७ पडतात. वर्णपटात १४७ हर्ट्झवर रेघ दिसली आणि ती क्रमाक्रमाने मोठी होत गेली, तर दोष कॉम्प्रेसरमध्ये असे म्हणावेसे वाटते.

आता कप्पीचे बेअरिंग पाहू. गोळ्यांच्या बेअरिंगच्या आतील कड्यावर खड्डा पडला, तर ढोबळ नियमाने दर फेरीला गोळ्यांच्या संख्येच्या ०.६ पट ठोके पडतात. बारा गोळ्या असतील, तर ०.६ × १२ × २१, म्हणजे सुमारे १५१ हर्ट्झ. दोन उत्तरांत अंतर आहे फक्त चार हर्ट्झचे. मंदगतीवर चालणाऱ्या इंजिनाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी खालीवर होतच असतो. तेवढ्याने १४७ ची रेघ पसरून १५१ ला झाकून टाकते. मोबाइलवरचा आकडा येथे हतबल होतो. क्लचचे बटण दाबले आणि सोडले, की प्रश्न सुटतो : क्लच सुटल्यावरही राहते ती रेघ बेअरिंगची. प्रयोगशाळेत आम्ही याला नियंत्रित तुलना म्हणतो. गॅरेजात तिला काही नाव नाही, पण तेथे ती आमच्याइतकीच जुनी आहे.

वर्णपट निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. बेअरिंगमधील सूक्ष्म खड्ड्याचे ठोके कानाला जाणवण्याच्या कितीतरी आधी उच्च वारंवारतांत दिसू लागतात. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून तडा ओळखण्याची पद्धत आपण सर्वांनी स्थानकांवर पाहिली आहे. भारतीय रेल्वे आता रुळांलगत ध्वनिग्राहक बसवून धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज तपासण्याची व्यवस्थाही वापरते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्ये, म्हणजे एआरएआयमध्ये, वाहनांच्या आवाज आणि कंपनांच्या चाचण्यांसाठी खास प्रयोगशाळा आहे. नव्या वाहनाचा आवाज तेथे काटेकोर मोजला जातो. दहा वर्षे वापरलेल्या वाहनाचा आवाज मात्र मोजला जातो रस्त्याकडेला, कानाने.

कोणाचा कान, कोणाचे शब्द

मोटार आणि कान यांच्या संबंधाचा इतिहास युरोपात लिहिला गेला आहे. श्टेफान क्रेब्स या इतिहासकाराने दाखवले आहे की जर्मनीत आरंभी मोटारमालकानेच आपल्या इंजिनाकडे कान द्यावा अशी अपेक्षा असे. दोन महायुद्धांमधील काळात ऐकण्याचा हा अधिकार हळूहळू प्रशिक्षित मेकॅनिककडे गेला आणि त्याच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा भाग बनला.

भारतात हे ज्ञान मुख्यतः गुरू-शिष्य परंपरेने चालत आले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो वा १९८३ नंतरची मारुती ८००, यंत्रे बदलत गेली आणि उस्तादाने पोऱ्याला ‘हे ऐक’ म्हणून सांगितलेली शिकवण तोंडीच राहिली. तिचा शब्दसंग्रह मात्र भाषेत आहे. मराठीकडेच पाहा. घरघर म्हणजे खालच्या पट्टीतील, खरबरीत, अखंड आवाज : झिजलेले बेअरिंग. मरणासन्न माणसाच्या श्वासालाही आपण तोच शब्द वापरतो. खडखड म्हणजे सुटे सुटे, कठीण आघात : ढिला बोल्ट किंवा तुटलेली झडप. किरकिर बारीक आणि चिवट : कोरडे घर्षण. कुरकुर म्हणजे प्लॅस्टिकचे भाग एकमेकांवर सरकणे. फुसफुस म्हणजे वायूचा मार्ग. पट्टी, खरखरीतपणा, सातत्य आणि आघात या ध्वनीच्या चार भौतिक गुणांची वर्गवारी भाषेने वर्णपटमापक येण्याच्या आधीच करून ठेवली आहे. तमिळ, बंगाली, पंजाबी गॅरेजांतही अशाच याद्या असणार. लेनेक यांनी केले ते काम, म्हणजे नाव आणि दोष यांची पडताळून घातलेली सांगड, आपल्याकडे व्हायचे आहे.

याची निकड आता दोन कारणांनी वाढली आहे. पहिले कारण विद्युत मोटार. तिच्यात कॉम्प्रेसर स्वतःच्या विद्युत-मोटरवर चालतो, पट्टा आणि क्लच दोन्ही नाहीसे होतात. इंजिनाचा गोंगाट नसल्याने पूर्वी झाकले जाणारे बारीक आवाज उघडे पडतात आणि निरोगी यंत्राबद्दलही तक्रारी येतात. क्लच हे निदानाचे साधन गेले, तर त्याच्या जागी कॉम्प्रेसरचा वेग टप्प्याटप्प्याने बदलून ऐकण्याची नवी पद्धत शिकवावी लागेल. तेथे उच्च विद्युतदाब असल्याने ते काम प्रशिक्षिताचेच.

दुसरे कारण यंत्रशिक्षण. आवाजावरून बिघाड ओळखणारे संगणकीय नमुने आज संशोधनाचा मोठा विषय आहेत. २०१९ मध्ये जपानच्या हिताची कंपनीतील संशोधकांनी झडपा, पंप, पंखे आणि सरकत्या पट्ट्या यांच्या निरोगी व बिघडलेल्या आवाजांचा संग्रह खुला केला आणि जगभर त्यावर काम झाले. अशा नमुन्याला त्याने जे ऐकले तेच कळते. आपली धूळ, आपला पावसाळा, तीन वेळा दुरुस्त झालेला कॉम्प्रेसर आणि पंचेचाळीस अंशांतील ट्रकचा कक्ष त्याने कधी ऐकलाच नसेल, तर तो आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देईल. आणि त्या उत्तरावर विसंबून परिपथ उघडला जाईल.

भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्यानुसार आर-१३४ए ज्या गटात येते त्या हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर आपण २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. धोरणाच्या भाषेत हा कारखान्यांचा आणि आयातीचा प्रश्न दिसतो. परंतु रस्त्यावर असलेल्या वाहनांतील गॅस दुरुस्तीच्या प्रत्येक प्रसंगी आत राहतो की बाहेर जातो, हे ठरवणारा माणूस गॅरेजात उभा आहे. त्याच्या ऐकण्याला शास्त्राची जोड देणे, गॅस पुनर्प्राप्तीचे यंत्र त्याच्या आवाक्यात आणणे आणि त्याच्या अनुभवाची नोंद करणे ही कामे आयटीआय, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आमच्यासारखे संशोधक मिळून करू शकतात. एखाद्या पदवी वर्गाच्या वार्षिक प्रकल्पाला हा विषय उत्तम आहे : परिसरातील पाच गॅरेजे, सुरक्षित अंतरावरून ध्वनिमुद्रण, क्लच चालू आणि बंद अशा जोड्या, कारागिराने दिलेले नाव आणि दुरुस्तीनंतर प्रत्यक्ष सापडलेला दोष. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्याशिवाय संग्रह नुसता गोंगाट ठरेल.

तुमच्या भागातील कारागीर यांतल्या कोणत्या आवाजाला काय म्हणतात, ते खाली लिहावे. शब्द कोणत्याही भारतीय भाषेतील चालेल. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, एवढे मात्र सोबत नोंदवावे.